आखातातून नातवंडं बेळगावला येतात तेव्हा

इथे आखातात मुलांचा व्हिसा बहुधा वडिलांच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की शाळेचं वर्ष अर्ध्यावर असलं तरी सामान बांधावं लागतं. दुबई, मग मस्कत, मग अचानक शहापूर नाहीतर निपाणी. म्हणून हे तिकडच्या आजी-आजोबांसाठी.

कागदांचं थोडक्यात. फीची बाकी असेल तर शाळा सहसा दाखला अडवतात, तेव्हा ती रक्कम आधी बाजूला काढायला सांगा. पासपोर्ट, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. वडिलांचं नाव एकीकडे मधे आणि दुसरीकडे गायब असलं की प्रवेश रखडतो. आधार भारतीय पासपोर्टवर आल्या आल्या काढता येतं, भारतात आधी 182 दिवस राहावं लागत नाही.

खरी कसोटी कन्नडची. पाचवी-सहावीतलं मूल अक्षरांपासून सुरुवात करतं आणि आपण 'ढ' आहोत असं धरून बसतं. कखगघचा क्रम मराठीसारखाच आहे, हे पहिल्याच दिवशी पाटीवर दाखवा. अडतं ते दोन ठिकाणी: ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार, आणि जोडाक्षरं, ज्यांत दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली येतं. 'अक्क', 'अप्प', 'अम्म' हे ओळखीचे शब्द आधी गिरवून घ्या, मग बसच्या पाट्या वाचायला लावा. रोज वीस मिनिटं पुरे.

हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं असं बरंच सोसलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांना निदान एका मोठ्या माणसाचा भरवसा होता, आणि ते माणूस कधी कधी आजी किंवा आजोबाच होते. तुमचं असणं किती मोलाचं आहे, ते यावरून ओळखा.

कपाटातला एक कप्पा पोराच्या मालकीचा ठेवा. पाहुणे आले तरी तो रिकामा करायचा नाही. बाबांचा फोन ठरल्या वेळी हवा: बेळगावात रात्रीचे साडेआठ म्हणजे दुबईत सात. तिकीट हातात नसताना 'पुढच्या महिन्यात येतो' असं त्यांना बोलू देऊ नका, पोर दिवस मोजत बसतं. जुन्या मित्रांची आठवण काढली तर 'विसर आता' म्हणू नका, बोलू द्या. सुरुवातीचं गप्प बसणं, चिडचिड चालायचीच. पण दोन महिने उलटूनही झोप लागत नसेल किंवा शाळेच्या वेळेलाच पोट दुखत असेल, तर वर्गशिक्षकांना भेटा आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.