वाकड्या छातीचा कोंबडा

कडकनाथ ही कातडीपासून मांसापर्यंत काळी असलेली देशी जात. तिच्या १०० पिल्लांत निम्मे नर निघतात, आणि ८-१० कोंबड्यांना एक नर पुरतो. म्हणजे ठेवायचे पाच-सहा. बाकीचे जातिवंत असले तरी पैदाशीला नकोतच.

छाटणी पाचव्या महिन्यात करतो. आधी चोच उघडून जीभ आणि टाळू काळे आहेत का ते बघायचं. तुरा लालभडक असला की बाद. पायाला पाचवं बोट दिसलं तर मागे कुठेतरी सिल्कीची, म्हणजे पाच बोटांच्या परदेशी काळ्या कातडीच्या जातीची, भेसळ झालेली असते, तोही बाद. मग छातीच्या हाडावरून सावकाश बोट फिरवायचं. नुसता काळा रंग बघून हजारो रुपये मोजणारी मंडळी ही शेवटची गोष्ट कधीच करत नाहीत.

यावेळी लॉटमधला सगळ्यात उमदा नर हाताला आला. दीड किलोच्या वर, जीभ शाईसारखी काळी. पण बोट फिरवलं तर हाड मधोमध वळलेलं. त्याच कप्प्यातले आणखी दोघे तसेच, आणि त्या कप्प्याचा बाप एकच.

हाड रक्तातूनही वाकडं येतं, कोवळ्या वयात अरुंद काठीवर बसूनही होतं, कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडलं तरी होतं. फार्मचे मालक लगेच म्हणाले, "काठीमुळंच." कारण गिऱ्हाईक दारात उभं होतं. बचत गटातल्या एक ताई परसातल्या गावठी कोंबड्यांसाठी नर न्यायला आल्या होत्या आणि त्यांची नजर ह्याच्यावरच बसली होती.

"दादा, मला काय प्रदर्शनात न्यायचाय? वाकडी तर वाकडी छाती."

मी दिला नाही. पिवळ्या पायाच्या गावठी कोंबडीवर कडकनाथ सोडला की नर पिल्लं फिकी निघतात, पण माद्या बापासारख्या काळ्या. त्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, पुढे बाजारात कडकनाथ म्हणूनच खपतात. रक्तातला दोष असेल तर तो त्या काळ्या कातडीखाली गावोगाव जाईल. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मांसाला. पिल्लाचे आई-बाप कोण, हे बाजारात विचारतो कोण? ताईंना दुसऱ्या कप्प्यातला सरळ छातीचा, जरा हलका नर मांसाच्या भावात दिला. माद्या कडकनाथ म्हणून विकू नका, असंही सांगितलं. त्या नाराजच गेल्या, आणि पैदाशीच्या नराचा भाव बुडाला म्हणून मालकही दिवसभर धुमसत होते.

दोघे भाऊ कापून मांसात गेले. मोठा वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलाय, कारण काठीचा दोष निघाला तर एवढा नर घालवणं मला परवडणारं नाही. त्याच कप्प्यातली अंडी मशीनमध्ये लावलीत. निम्मी पिल्लं जुन्या काठीवर वाढतील, निम्म्यांना रुंद फळी, खाद्य एकच. फळीवरचेही वाकडे निघाले तर हा जाईलच, बापही जाईल. मालक खाद्याचा खर्च मोजून दाखवतात. दाखवू देत, पण तोवर हा कुणालाही जिवंत विकायचा नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.