खलीसारखा दिसणारा पैलवान

फेब्रुवारी २०२०मधली दुपार. पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात खुर्चीवर आठ वर्षांचा एक मुलगा ओठ आवळून बसला होता. दाढ किडलेली, गाल सुजलेला, आणि तोंड उघडायला काही केल्या तयार नाही. आईचं समजावून झालं, दरडावून झालं. तेवढ्यात दारातून पैलवान आत आले आणि मुलाच्या तोंडून आपसूक निघालं, "खली!"

पैलवानांना याची सवय होती. ते खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसले, आपला पंजा मुलाच्या डोक्यावर अलगद ठेवला आणि म्हणाले, "दाखव बरं तुझी दाढ. आधी माझ्या बघतो का?" आणि त्यांनी आ केला. खुर्चीवरच्या दिव्याचा उजेड सरळ त्यांच्या तोंडात पडला. मुलगा वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुमच्या दातांत एवढ्या फटी कशा?"

दोन वर्षं ते माझ्याकडे येत होते. तो प्रश्न मला पडायला हवा होता.

मुलाची दाढ काढून झाली. तो पैलवानांचं एक बोट धरून बाहेर गेला. एका बोटाने त्याची मूठ भरली होती.

पैलवान सिन्नर तालुक्यातले. वय तेव्हा ४४. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या केलेल्या, दोन्ही कान मोडलेले. गुडघा गेल्यावर माती सुटली. मग गंगापूर रोडच्या मंगल कार्यालयांमध्ये बंदोबस्ताचं काम, हंगामात द्राक्षांच्या पिकअपवर ड्रायव्हर, आणि गेली काही वर्षं जत्रेत, दुकानांच्या उद्घाटनांना, गणपतीच्या मिरवणुकीत 'नाशिकचा खली'. केस वाढवलेले, काळी पँट, उघडी छाती. फलकावर फोटो त्यांचाच असायचा. आयोजक म्हणायचे, दरवर्षी तुम्ही जास्तच खली दिसायला लागलात. ते हे मोठ्या आनंदाने सांगत.

खली हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. खरं नाव दलीपसिंग राणा, हिमाचलमधल्या सिरमौर जिल्ह्यातलं धिरैना हे गाव, लहानपणापासून मजुरी, मग पंजाब पोलिसांत नोकरी, तिथून अमेरिका, डब्ल्यूडब्ल्यूईची टीव्हीवरची कुस्ती. एप्रिल २००६मध्ये पहिल्याच दिवशी तिथल्या नावाजलेल्या अंडरटेकरला आडवा केला. जुलै २००७मध्ये वीस जणांच्या झुंजीत शेवटपर्यंत टिकून वर्ल्ड हेवीवेट पट्टा जिंकला. तो पट्टा टीव्हीवर दिसला तेव्हा पैलवान तालमीत होते. वस्ताद म्हणाले, ही कुस्ती नव्हे, आधी ठरवलेला खेळ आहे. पैलवानांचं उत्तर त्यांच्याच तोंडून मी अनेकदा ऐकलंय: "ठरलेला असू द्या ना वस्ताद. पण तो नुसता चालत आला की हजारो माणसं उठून उभी राहतात, ते कोणी ठरवलं?"

मला त्यांचं म्हणणं पटतं. खलीला पळता येत नव्हतं, चपळाई नव्हती. तो सावकाश यायचा, हात वर करायचा, आणि तो तळहात समोरच्याच्या डोक्यावर उतरेपर्यंत पोरं श्वास रोखून बसायची. पैलवानांना हे नेमकं साधलं होतं. मी एकदा गोदाघाटावर त्यांचा कार्यक्रम पाहिला. ते बोलले एक शब्द नाहीत. नुसते उभे राहिले, हळूहळू मान वळवली, आणि गर्दी गप्प झाली. मग एका रडणाऱ्या पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. हा गुण शिकवून येत नाही.

त्या दिवशी ते सदगीरच्या कुस्तीवर बोलत आले होते. महिन्यापूर्वीच, ७ जानेवारीला, नाशिककडून लढणारा हर्षवर्धन सदगीर बालेवाडीत महाराष्ट्र केसरी झाला होता आणि हरलेल्या शैलेश शेळकेला, आपल्याच तालमीतल्या जोडीदाराला, त्याने खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं होतं. ते सांगताना पैलवानांचे डोळे भरले. मग खिशातून रुमाल काढला, रुमालातून खालचे दात, आणि म्हणाले, "मॅडम, हे पुन्हा बसेना."

पुन्हा म्हणजे तिसऱ्यांदा. मार्च २०१८मध्ये मी त्यांना खालच्या दोन दाढांच्या जागी काढता-घालता येणारे दात करून दिले होते. वर्षाच्या आत ते बसेनात. मी लॅबवाल्याला फोन करून बोल लावला आणि नवे करून घेतले. तेही बसेनात. तेव्हा मी पैलवानांनाच रागावले, की तुम्ही रात्री काढून पाण्यात ठेवत नसणार. ते मान खाली घालून "हो मॅडम" म्हणाले. नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं की ते रोज रात्री न चुकता वाटीत ठेवायचे. याची मला आजही लाज वाटते.

या वेळी मी काहीच बोलले नाही. नवं माप घ्यायला बसले. सगळ्यात मोठा ट्रे घेतला, तोही अपुरा पडला. मेण लावून कडा वाढवल्या. जीभ एवढी मोठी की ट्रे बाहेर ढकलत होती. जिभेच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे उमटलेले होते. माप घेतलं, प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत पोटमाळ्यावरच्या खोक्यातून २०१८चा साचा शोधून काढला. मी जुने साचे टाकत नाही. जागा अडते म्हणून घरचे कुरकुरतात, पण त्या दिवशी ती सवय कामाला आली.

दोन्ही साचे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक धुळीने पिवळट, एक अजून कोमट. खालच्या जबड्यातले दोन सुळे जुन्या साच्यावर डिव्हायडरच्या टोकांत पकडले आणि डिव्हायडर तसाच्या तसा उचलून नव्या साच्यावर ठेवला. एक टोक सुळ्यावर बसलं. दुसरं सुळ्याच्या अलीकडे, हिरडीवर टेकलं. पट्टीवर मोजलं तर जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक. प्लास्टर फुगतं ते केसाएवढं. चव्वेचाळिसाव्या वर्षी जबडा तीन मिलिमीटर रुंद होत नाही. दात हिरड्यांच्या आजाराने हलून पसरतात, पण यांचे दात घट्ट होते. तोंड मिटायला सांगितलं तर खालचे दात वरच्यांच्या पुढे गेले. २०१८च्या नोंदीत ते मागे होते, माझ्याच अक्षरात.

मी हातमोजे काढले आणि स्टूल त्यांच्यासमोर ओढलं.

"पैलवान, तुमच्या बोटात चांदीची अंगठी असायची ना?"

"कापून काढली. सराफ बाजारात. रुतली होती."

"चपला?"

"दहा नंबर होता. आता अकरापण टोचतो."

घाम? खूप. थंडीतही बनियन भिजतं. डोकेदुखी? रोजची, गोळी घेतो. घोरणं? बायको दुसऱ्या खोलीत झोपते. मग त्यांनी न विचारताच सांगितलं की द्वारकेच्या चौकात बाजूने आलेली दुचाकी त्यांना दिसलीच नाही, आरसा तुटला. मी त्यांना माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हातांची बोटं बाजूने हलवत हळूहळू पुढे आणली. बोटं जवळजवळ त्यांच्या गालांच्या रेषेत आली तेव्हा ते म्हणाले, "आता दिसली."

कॉलेजमध्ये वाचलेलं सगळं तेव्हा एकदम डोळ्यांपुढे आलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली, साधीच, कॅन्सरची नव्हे, तरी ती वाढीचं संप्रेरक सोडतच राहते. हाडं वाढीच्या वयातली असतील तर माणूस उंच होत जातो. वय उलटल्यावर उंची वाढत नाही. मग हात, पाय, नाक, जीभ आणि खालचा जबडा वाढतो. याला अ‍ॅक्रोमेगली म्हणतात. गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसांवर दाब येतो आणि बाजूचं दिसेनासं होतं. सगळं इतकं हळू होतं की रोज बघणाऱ्या घरच्यांना कळत नाही आणि निदानाला अनेकदा वर्षानुवर्षं लागतात. अंगठी, चप्पल आणि कवळी यांना आधी कळतं.

मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. ते बराच वेळ आपल्या पंजाकडे बघत राहिले.

"म्हणजे खलीला झालं होतं तेच?"

मी चमकले. "तुम्हाला माहीत आहे?"

"२०१२ला त्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालं, अमेरिकेत. याच ग्रंथीची गाठ. मी पेपरचं कात्रण ठेवलंय. वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाचा आजारही मोठाच असणार. आपल्याला कुठला व्हायला."

दरवर्षी तुम्ही जास्तच खली दिसायला लागलात, हे आयोजकांचं वाक्य मला आठवलं. ते वाक्य त्यांनाही आठवलं असावं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मग मी त्याच्यासारखा दिसतो ते यामुळेच का?"

मी हो म्हटलं. खोटं बोलणं बरोबर नव्हतं. त्या वेळी त्यांचा चेहरा पडला, तेवढा आजाराचं नाव ऐकूनही पडला नव्हता. लोक आपल्याकडे बघतात ते आपल्या कसरतीमुळे, खुराकामुळे, देवाच्या देणगीमुळे, असं हा माणूस इतकी वर्षं मानत होता. मी त्यांना गोदाघाटावरच्या त्या रडणाऱ्या पोरीची आठवण करून दिली. तिला खांद्यावर घ्यायचं कसं हे काही गाठीने शिकवलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

पुढचं भराभर झालं. माझ्या ओळखीच्या फिजिशियनकडे त्याच संध्याकाळी पाठवलं. रक्तातलं आयजीएफ-१, म्हणजे वाढीचं संप्रेरक किती सुटतंय ते सांगणारं द्रव्य, वयाच्या मानाने कितीतरी जास्त निघालं, साखर वाढलेली, रक्तदाबही. एमआरआयमध्ये गाठ दिसली. मला धास्ती हृदयाची होती, कारण या आजारात हृदयही मोठं होतं. खलीच्या आधीचा तसलाच धिप्पाड पैलवान आंद्रे द जायंट, त्यालाही हाच आजार होता. त्याच्यावर उपचार झाले नाहीत आणि जानेवारी १९९३मध्ये, वडिलांच्या अंत्यविधीसाठी फ्रान्सला गेलेला असताना, तो झोपेतच गेला. वय ४६. आमचे पैलवान ४४चे. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठीक आला तेव्हा मी दवाखान्यात पेढे वाटले.

ऑपरेशन मुंबईत झालं, नाकातून दुर्बीण घालून, टाळेबंदी लागण्याच्या आठ-दहा दिवस आधी. ते नाशिकला परत आले आणि मग सगळंच बंद झालं. महिनोन्‌महिने फक्त फोन. जत्रा नाहीत, लग्नं नाहीत, उद्घाटनं नाहीत. त्या काळात त्यांनी केस कापले.

ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा आले. मी मास्क, चष्मा, गाउन अशा अवतारात; त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. दुरुस्त केलेली अंगठी बोटात सैल फिरत होती. जबडा मात्र तसाच. हाड एकदा वाढलं की मागे जात नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. माप घेतलं, प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर डिव्हायडर फेब्रुवारीच्या साच्यावर लावून नव्यावर ठेवला. दोन्ही टोकं सुळ्यांवर बसली. मी तीनदा ठेवून बघितलं. पैलवानांना जवळ बोलावून त्यांनाही दाखवलं.

त्यांनी डिव्हायडर माझ्या हातातून घेतला. त्यांच्या बोटांत तो काडीएवढा दिसत होता. तिन्ही साच्यांवर स्वतः लावून पाहिला, मग २०१८चा पिवळट साचा उचलला.

"हा माझा," ते म्हणाले. "हा घरी नेऊ का? बाकीचे दोन राहू द्या तुमच्याकडं."

मी तो कापसात गुंडाळून, खोक्यात घालून त्यांना दिला. आठवड्याने नवे दात बसवले. आजवर बदलावे लागलेले नाहीत.