लुईबर्गचा लाकडी घोडा

कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून लुईबर्गचा जुना फ्रेंच किल्ला गाडीने पाच तासांवर. वाटेत दोन दिवस काढले, पण धुक्याशिवाय काही पाहिलं नाही. किल्ल्यावर पोचलो तरी धुकं होतंच, आणि समुद्रावरचा वारा जुलैतही अंगात शिरत होता.

रस्त्यावर जुन्या काळी चोराला देत त्या शिक्षेचा खेळ चालला होता. ढोल वाजवत त्याला फिरवलं, गळ्यात लोखंडी कडं घालून खांबाला अडकवलं. लोक हसत होते, मोबाइल वर धरून होते. मला ते बघवेना. पुढे बराकीजवळ लाकडी घोडा दिसला. त्याच्या पाठीला फळीची धार. चुकलेल्या शिपायाला त्यावर बसवायचे आणि पायांना वजनं बांधायचे. तिथेही फोटोसाठी रांग!

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पिठ्ठू (पाठीवर वजन घेऊन पळण्याची शिक्षा), क्वार्टर गार्ड (पलटणीची चौकी, जिथे चुकलेल्या जवानाला कोंडतात) हे शब्द ऐकतच मी वाढलो. शिस्तीचे ते कट्टर, पण म्हणायचे, "आधी जवानाचं पोट, मग परेड." अंधाऱ्या कोठडीच्या दारात उभा असताना तेच आठवत राहिलं.

कारण इथल्या फ्रेंच शिपायांच्या पोटाचीच आबाळ होती. चार दिवसांना सहा पौंडांचा एक पाव. बराकीचं छप्पर गळकं, एका बिछान्यात दोघे. कप्तानच दारूचा गुत्ता चालवायचे आणि उधारी शिपायाच्या पगारातून कापून घ्यायचे. पळून जावं तर मृत्युदंड. १७४४च्या मे महिन्यात इंग्रजांचं कॅन्सो हे ठाणं जिंकलं, तिथल्या लुटीतला वाटाही शिपायांना मिळाला नाही. मग २७ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत, आधी फ्रेंचांच्याच चाकरीतली स्विस तुकडी आणि पाठोपाठ फ्रेंच शिपाई अधिकाऱ्यांविना रांगेत उभे राहिले. मागण्या काय, तर सरपण, कपडे, नीट शिधा, हक्काचे पैसे. त्या वाचताना माझा घसा दाटून आला. याला बंड म्हणतात, मी म्हणू शकत नाही.

१७४५ला न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींच्या, फौजेचा वेढा पडला तेव्हा या शिपायांना माफीचं वचन मिळालं. ते तटावर लढले. किल्ला पडला, त्यांना फ्रान्सला नेलं, आणि तिथल्या रॉशफोर बंदरात खटले भरून काहींना मृत्युदंड दिला. वचन देऊन, लढवून घेऊन, मग मारलं. माझ्या लेखी खरे गुन्हेगार तेच, ज्यांनी वचन मोडलं.

इंग्रजांनी १७६०मध्ये तटबंदी सुरुंगांनी उडवली. आज दिसतं ते १९६१नंतर पुन्हा उभारलेलं. बेकरीत शिपायांचा पाव विकत मिळतो. घट्ट, काळपट, जड. आम्ही दोघांनी अर्धा खाल्ला आणि पोट भरलं, पण चार दिवस हाच खायचा म्हटलं तर?

बराकीच्याच इमारतीच्या टोकाला गव्हर्नरची दालनं आहेत. बायको बघून आली, सुंदर आहेत म्हणाली. मी गेलो नाही. कोठडीपाशीच थांबलो होतो.