स्लाइडवरची रिकामी घरं

पाळीत फार रक्त जातं म्हणून क्युरेटिंग केलेली, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर खरवडून तपासायला पाठवलेली, पंचेचाळिशीची बाई. असे नमुने रोज येतात. ‘अस्तर नेहमीसारखं, कर्करोगाचा पुरावा नाही’ ही ओळ मनातल्या मनात टाइप करूनच मी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. मी तेव्हा पॅथॉलॉजीच्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि ट्रेमध्ये अजून तीसेक स्लाइड्स बाकी होत्या.

ग्रंथी दिसल्या. एकाला एक चिकटून उभ्या पेशींची गोल कडी, मध्ये पोकळी, म्हणजे अभिस्तर ऊती. आजूबाजूला त्यांना धरून ठेवणारी संयोजी ऊती. एका कडेला गुलाबी धाग्यांच्या जुड्या, पट्टे नसलेला गर्भाशयाचा स्नायू. क्युरेट, म्हणजे खरवडायचं हत्यार, जरा खोल गेली की तो थोडा येतोच. बाकी सगळीकडे रक्त. शाळेच्या पुस्तकात रक्तालाही संयोजी ऊतीतच बसवलेलं असतं. ते मला तेव्हा काही केल्या पटायचं नाही.

आणि मग, एका गुठळीच्या आत, पांढरी रिकामी घरं.

मोठी, गोलसर, एकमेकांना टेकलेली, मध्ये रेघेएवढी भिंत. स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीन मेद विरघळवून नेतात, मागे नुसती चौकट उरते. त्यामुळे आमच्याकडे चरबी ओळखायची ती तिच्या नसण्यावरून. पण हवेचे बुडबुडेही असेच दिसतात आणि क्युरेटिंगच्या रक्तात ते अडकतातही. लेन्स बदलली. भिंतीला चेपून बसलेलं चपटं केंद्रक दिसलं, अंगठीवरच्या खड्यासारखं. शेजारी दुसरं. दोन घरांच्या बेचक्यात बारीक केशवाहिनी. बुडबुड्यांना केंद्रक नसतं.

तुकडा दोन मिलिमीटरचाही नव्हता. सुंदर, निरोगी चरबी होती. फक्त गर्भाशयाच्या अस्तरात ती नसते. अस्तराखाली स्नायूची जाड भिंत, तिच्या पलीकडे पोटाची पोकळी, आणि त्या पोकळीत पडद्यासारखं लोंबणारं ओमेंटम. चरबी भरपूर असते ती तिथे. क्युरेटमध्ये ती आली असेल तर क्युरेट भिंत फोडून पलीकडे जाऊन आली होती.

स्लाइड घेऊन मॅडमकडे धावले. त्यांनी डोळा लावायच्या आधीच विचारलं, “फ्लोटर नाही ना?”

प्रश्न रास्त होता. काप पाण्यावर तरंगवताना आदल्या नमुन्याचा कण चिकटू शकतो. लॅबमधल्या काकांना ब्लॉकमधून, म्हणजे नमुना बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून, आणखी खोल काप काढायला सांगितले. मायक्रोटोमवर, काप काढायच्या यंत्रावर, चार मायक्रॉनची रिबन उलगडेपर्यंत मी त्यांच्या डोक्यावर उभी. “जरा लांब उभी राहा, श्वासानं काप उडतात,” ते म्हणाले. नव्या कापातही चरबी होतीच, म्हणजे ती ब्लॉकमध्येच होती. पण ग्रॉसिंगच्या वेळी, म्हणजे नमुना ब्लॉकसाठी कापून घेताना, तर ती तिथे शिरली नसेल? रजिस्टर उघडलं आणि पोटात गोळा आला. या नमुन्याच्या अगदी आधी मीच कापलेली पाठीवरची लिपोमा. चरबीचीच गाठ. चिमटा नीट पुसला होता का? शपथेवर सांगता आलं नसतं.

मॅडम मात्र रजिस्टरकडे बघतही नव्हत्या. “कडेला काय आहे ते सांग.”

तुकड्याच्या एका बाजूला, चरबीवरून, चपट्या पेशींचा एकच थर गेला होता, इतका पातळ की मी तो घडी समजून सोडून दिला होता. मेसोथेलियम. पोटातल्या अवयवांना गुळगुळीत ठेवणारी अभिस्तर ऊती. ओमेंटमवर ती असते. कातडीखालच्या लिपोमावर ती कुठून येणार? शिवाय चरबी, ग्रंथींचे तुकडे आणि रक्त एकाच गुठळीत गुंतले होते. बाहेरून चिकटलेला कण असा विणला जात नाही.

“रिपोर्ट नंतर. आधी फोन,” मॅडम म्हणाल्या.

सर्जनना मी सांगितलं, “क्युरेटिंगमध्ये चरबी आहे, वर मेसोथेलियमसकट.” पलीकडे दोन सेकंद काहीच नाही. मग, “नक्की?” मग, “परवा केलं होतं. काल फोनवर पोट जड वाटतंय म्हणत होत्या.” नंतर ते माझ्याशी नव्हे, शेजारी कुणाशी तरी बोलत होते: त्यांना ताबडतोब बोलावून घ्या.

संध्याकाळी दुर्बिणीतून पाहिलं गेलं. गर्भाशयाच्या माथ्याला भोक होतं, सेंटीमीटरपेक्षा लहान. आतड्याला काही झालेलं नव्हतं. आणि भोकावर ओमेंटम येऊन चिकटलं होतं. पोटात कुठे इजा झाली की ते असंच जाऊन बसतं. म्हणजे ज्याचा लचका माझ्या स्लाइडवर होता, त्याच ऊतीनं तिकडे बूच लावलं होतं. हे सांगताना सर्जनचा आवाज बराच मोकळा झाला होता.

रिपोर्टची पहिली ओळ मी सकाळी ठरवलेलीच लिहिली. चरबीची ओळ तिच्या खाली, ठळक अक्षरात, फोन कधी आणि कुणाला केला ते नोंदवून.

लिपोमाचा रिपोर्ट त्या गडबडीत राहिलाच. तो दुसऱ्या दिवशी गेला, आणि उशिराबद्दल बोलणी मला खावी लागली.