आमची वाटचाल: लायलॅक मागणाऱ्यांना सावनी देताना

आमची नर्सरी नागपुरात काटोल रोडला आहे. बाबांनी सुरू केली तेव्हा जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली संत्र्याची कलमं हाच मुख्य धंदा होता. फुलझाडं म्हणजे मोगरा, जास्वंद, कण्हेर. पुढे बेसा, मनीषनगरकडे नवी घरं उठली, घरबागेची गिऱ्हाइकं वाढली आणि लायलॅक या थंड प्रदेशातल्या फुलझाडाची विचारणा सुरू झाली. कुणाची लेक अमेरिकेत, कुणी मे महिन्यात युरोप पाहून आलेलं. ते जांभळे, सुगंधी घोस त्यांना आपल्या अंगणात हवे असतात.

लायलॅक आम्ही विकत नाही. ते मूळचं बाल्कनच्या डोंगरांतलं. पानं गाळून कित्येक आठवडे सलग गारठ्यात राहिलं तरच नीट फुलतं. नागपुरात डिसेंबरच्या काही रात्री पारा १० अंशांखाली जातो, पण दुपारी २५ च्या पुढे. शिवाय मे महिन्यातला ४५ अंशांचा ताव. रोप कसंबसं जगलं तरी फुलांची आशा नाही. पैसे घेऊन असं झाड कुणाच्या हाती देणं मला पटत नाही.

म्हणून आम्ही सावनीवर भर दिला. फिकट जांभळी, झालरीसारख्या पाकळ्यांची, ऐन पावसाळ्यात बहरणारी. आपल्या ताम्हणाचीच ही धाकटी बहीण. लायलॅकचा सुगंध तिला नाही, हे आम्ही आधीच सांगतो. लायलॅकच्या कळ्या जुन्या फांदीवर आदल्या उन्हाळ्यातच धरतात, त्यामुळे त्याची छाटणी फुलं सरल्याबरोबर करतात. सावनी नव्या फुटीवर फुलते, तेव्हा ती जानेवारीअखेर छाटायची. परदेशातल्या लायलॅकची सवय असलेल्यांना हा फरक मी आवर्जून समजावते.

खरी काळजी मातीची. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा, रोप जरा उंचवट्यावर लावा, उन्हाळ्यात आळ्यावर पालापाचोळा पसरा. सावलीत लावलं तर पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते.

सुगंधच हवा असेल तर बकाणनिंब सुचवते. त्याची फुलंही जांभळट असतात. पण फळं विषारी, म्हणून घरात लहान मुलं असतील तर ते झाड आम्ही देत नाही.

सावनीची रोपं पहिल्या चांगल्या पावसानंतर लावायला काढतो. येताना जागेचा फोटो आणा, आणि तिथे ऊन किती वाजेपर्यंत असतं तेही बघून या.