आप्पांचं दुसरं ऍडमिशन आणि मेडिक्लेमची भानगड

आप्पांना अटॅक आला, कराडला अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट (नस उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळ्या) टाकले, कॅशलेस असल्यामुळे बिलाचं तेव्हा फार काही वाटलं नाही. 2017 पासून स्टेंटच्या किमतीला सरकारने मर्यादा घातलीय आणि बिलात स्टेंट वेगळा दाखवावा लागतो, ते सगळं नीट होतं. पाच लाखाच्या पॉलिसीतले सव्वातीन लाख गेले. घरी आणलं, पाहुणे शहाळी घेऊन येऊन गेले, म्हटलं सुटलो.

दीड महिनासुद्धा झाला नव्हता तर रात्री आडवं झालं की धाप. पाय एवढे सुजले की चपलेचा पट्टा बसेना. परत ऍडमिट, थेट आयसीयू. हार्टचं पंपिंग 35 टक्क्यांवर, फुफ्फुसात पाणी. डॉक्टरांनी औषधांची पिशवी मागितली तर अंगातलं पाणी काढणाऱ्या लघवीच्या गोळीची स्ट्रिप जवळपास भरलेलीच! आप्पा म्हणतात, "सारखं उठावं लागतं रे, एसटीत बसल्यावर काय करू मी?" त्यात भाचीच्या लग्नात पापड-लोणचं, म्हणजे मीठ, झालेलंच होतं.

आता खरी भानगड. विमा डेस्कवरची मुलगी म्हणाली, "दादा, 45 दिवसांच्या आत तोच त्रास उलटला की तो एकच आजार धरतात, आणि तुमच्या पॉलिसीत रिस्टोअर, म्हणजे संपलेली रक्कम परत भरून मिळणं, त्याच आजाराला नाही." म्हणजे हातात उरले पावणेदोन लाख. आयसीयूतून वॉर्डात हलवताना रूम घेतली रोजच्या सात हजाराची, कारण दुसरी रिकामीच नव्हती, आणि पॉलिसीत लिमिट पाच हजार. मग नुसते वरचे दोन हजार नाही, डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात कापलं. औषधं, तपासण्या आणि आयसीयूला ही कात्री लागत नाही, हे मी पॉलिसीचा कागद काढून दाखवलं तेव्हा एका तपासणीचे कापलेले पैसे परत धरले. ग्लोव्हज वगैरे किरकोळ सामान मात्र आपल्याच खिशातून.

डिस्चार्जला सकाळपासून बसलो, फायनल अप्रूव्हल येईना. विमा नियामक IRDAI च्या 2024 च्या नियमाने विमा कंपनीने ते 3 तासात द्यायचं असतं. मोबाईलवर सर्क्युलर उघडून दाखवलं, कंपनीला मेल टाकला, तरी दिवेलागण झालीच.

एक गोष्ट कामाला आली. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे 60 दिवस औषधं, टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी), फॉलोअपची फी मिळते, फक्त ओरिजिनल बिलं, प्रिस्क्रिप्शन आणि डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स लागते. बहिणीने मेडिकलची एकूण एक पावती जपलेली, त्यामुळे बरेच पैसे परत आले. पण 60 दिवसांनी ते बंद, गोळ्या चालूच. डॉक्टरांना विचारून त्यातल्या काही जनऔषधीतून आणतो, महिन्याचं बिल निम्म्याच्याही खाली आलं. रक्त पातळ करायची गोळी मात्र कुणी कितीही सांगितलं तरी आपल्या मनाने थांबवायची नाही, स्टेंट बंद पडू शकतो.

आता रोज सकाळी आप्पांचं वजन करून आई कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते, दोन-तीन दिवसात दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा असं सांगितलंय. आप्पा चिडतात, "मी काय बाजारातला बोकड आहे का!" पाणी दीड लिटर, तेही मोजून.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. क्लेम केला म्हणून एकट्याचा प्रीमियम वाढवता येत नाही, पण वयाचा टप्पा बदलतोय म्हणून वाढणारच आहे. कव्हर दहा लाख करायचं म्हटलं तर वाढीव रकमेला हार्टसाठी वेटिंग पिरियड लागतोय, म्हणजे तेवढा काळ ती वाढीव रक्कम हार्टला मिळणार नाही, तरी करून टाकतोय.