दोन स्टेशनांमधली वाट

गाडीनं सहा मिनिटांचं अंतर. चालत मला अडीच-तीन तास लागतात, तरी सुट्टीच्या दिवशी मी हटकून एक स्टेशन आधी उतरतो. कारण खरं तर आळशीपणाचं आहे: परत यावं लागत नाही. मोटार घेऊन भटकायला गेलं की संध्याकाळी पुन्हा तिच्यापाशीच यायचं, म्हणजे दिवसभर दाव्याला बांधल्यासारखं खुंटीभोवती फिरायचं. इथं नाकासमोर चालत सुटायचं.

नकाशावर रूळ आणि पाऊलवाट अगदी सख्ख्या शेजारणी दिसतात. प्रत्यक्षात त्यांचं पटत नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेला चढ सोसत नाही. शंभर मीटरला एक मीटर चढायचं म्हटलं तरी मालगाडीला धाप लागते. मग ती दरी धरून जाते, टेकडी कापते आणि कापलेल्या मातीचा पुढं भराव घालते. पाऊलवाटेचे असले लाड नाहीत. ती सरळ टेकडीला भिडते. स्टेशनला ज्याचं नाव, ते गाव कितीदा तीन किलोमीटर लांब, वर कुठंतरी असतं, ते यामुळंच.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक सोपा हिशेब मांडला: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक. मी त्याच हिशेबानं परतीची गाडी ठरवतो. कुंपणापाशी थबकणं आणि वाट चुकणं त्यात धरलेलं नसल्यामुळं ती गाडी बहुधा माझ्या डोळ्यांदेखत सुटते.

उपनगरातली वाट लोकांना कंटाळवाणी वाटते. मला नाही. गाडीतून घरांची पाठ दिसते: वाळत घातलेले कपडे, मोडकी सायकल, रंग उडालेला पाइप. चालताना त्याच घरांचे चेहरे दिसतात, रंगवलेले, कुंड्या मांडलेले. कुठली पाठ कुठल्या चेहऱ्याची, हे मला अजून एकदाही जुळवता आलेलं नाही.

शेतं संपून घरं सुरू होतात त्यातही रेल्वेचाच हात. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेनं १९१५ ते १९३२ ‘मेट्रो-लँड’ नावाची पुस्तिका काढली. तिच्यात रुळांलगतच्या हिरव्या मुलखाचं कौतुक, आणि तिथंच घर घ्यायचं आमंत्रणही. माणसं शेतं बघायला आली, राहिली, आणि शेतं गेली.

माझ्या वाटेवर भरावाखाली एक मोरी आहे. वाकून जावं लागतं. आत ओल्या विटांचा गार वास, पायाखाली बोटभर पाणी. मध्यावर असताना वरून गाडी गेली की आधी पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात, आवाज मागून येतो. या एवढ्यासाठी मी तिथं दहा-दहा मिनिटं ओणवा उभा राहिलोय.

परवा ठरवलं होतं, मोरीशेजारच्या लाल फाटकाच्या घराची पाठ परतीच्या गाडीतून बघायचीच. चिखलाचे बूट लाजून सीटखाली सारले, खिडकीला नाक लावलं. तेवढ्यात सुटलेली नाडी पायाखाली आली म्हणून वाकलो. मान वर केली तर सकाळी सोडलेल्या स्टेशनाचा फलाट सरकत होता.